बर्फाचा कण

"आणि या आमच्या डॉक्टरबाईंच्या थोरल्या बहीण," असं संचालक म्हणाले आणि पाहुण्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, कुणाच्याही बहिणीकडे बघून डोलावतात तशी. काचगृहाच्या दारात आम्ही उभे होतो. माझ्या हातात कात्री होती, बुटांना चिखल होता, आणि लसूणघासाच्या ज्या वाफ्यांकडे पाहुणे बोट दाखवत होते ते वाफे मी या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या दिवसांपासून पेरत, मारत आणि पुन्हा पेरत आले होते. मी डॉक्टर नाही असंही नाही. माझ्या दारावर पाटी आहे, पाटीवर नाव आहे आणि नावाआधी तेच अक्षर आहे. पण धाकटीला या संशोधन केंद्रात येऊन जेमतेम तीन हिवाळे झाले होते आणि डॉक्टरबाई म्हटलं की इथे आता एकाच माणसाकडे माना वळत होत्या. मी हसले. हसताना गाल दुखले एवढं आठवतं. पाहुण्यांमधला एक म्हातारा, वरच्या थंड पट्ट्यातल्या गोठेवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष, आपुलकीनं मला म्हणाला, "तुम्हीपण इथेच काहीतरी करता का?" आणि मी तोंड उघडायच्या आत धाकटीच पुढे होऊन म्हणाली, "अहो, ताईमुळे तर हे सगळं आहे." तिनं ते मनापासून म्हटलं. तेच मला खपत नाही. ती वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्या दिवशी मी दुपारचा डबा तसाच परत नेला. खोलीत बसून कात्रीला तेल लावत राहिले, आणि डोक्यात एकच चाललं होतं, की म्हाताऱ्याच्या त्या ‘काहीतरी’मध्ये नेमकं काय काय येतं. लसूणघास एकदा पेरला की वर्षानुवर्षं त्याच बुडख्यातून फुटत राहतो; गुरं पोसायला यासारखा चारा नाही. थंडीत वरचा पाला गेला तर जाऊ दे, पण जमिनीच्या अंगाला असलेला बुडखा जगला पाहिजे. तो गोठून फुटला की वसंतात वाफा काळाच्या काळा राहतो आणि गोठेवाला डोक्याला हात लावून बसतो. आता यातली मेख अशी, की जी रोपं थंडी सोसतात ती थंडी पडायच्या आधीच अंग चोरून झोपी जातात, आणि झोपलेलं रोप चारा देत नाही. शरद ऋतूतही हिरवं वाढणारं आणि तरीही हिवाळ्यात न मरणारं रोप, एवढंच मला हवं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण या झाडात प्रत्येक जनुकाच्या चार चार प्रती, त्यात मधमाशी कुणाचे पराग कुणाच्या गळ्यात बांधेल याचा भरवसा नाही. एका पिढीत मोठ्या मिनतवारीनं जमवलेली ताकद पुढच्या पिढीत निम्मी सांडलेली असते. माझी पद्धत जुनी. हिवाळ्याला हवं ते मारू द्यायचं, उरतं त्याचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं. त्या पद्धतीत माझे केस पिकले. आणि धाकटी आली, तिनं माझ्याच वाफ्यातली पानं कुटून त्यातलं जनुकांचं द्रव्य काढलं, आणि एका गुणसूत्राच्या एवढ्याशा तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ही खूण. ज्या रोपात ही खूण ते थंडी सोसणार, न झोपता सोसणार. रोप बोटाएवढं असतानाच एक पान तोडायचं आणि सांगायचं. हिवाळ्याची वाट बघायची गरज नाही. म्हणजे माझी गरज नाही, असं मी मनात म्हटलं. तिनं काही तसं म्हटलं नव्हतं.

लहानपणी आई घरी यंत्रावर स्वेटर विणायची, लोकांचे. आमच्या वाट्याला उरलेली लोकर. एका वर्षी माझ्यासाठी तिनं निळा स्वेटर विणला, पुढे दोन खिसे आणि कॉलर, आणि मी तो शाळेत असा काही मिरवला की बाईंनी वर्गात मला उभं करून दाखवला. पुढच्या हिवाळ्यात धाकटीला खोकला झाला. घरातली लोकर संपलेली. मी शाळेतून आले तेव्हा आई खिडकीशी बसून माझा स्वेटर उसवत होती, आणि धाकटी दोन्ही हात पुढे करून बसली होती, तिच्या मनगटांवर निळ्या लोकरीची लड चढत होती. "तू मोठी आहेस, तुला थंडीची सवय आहे," आई म्हणाली. धाकटी माझ्याकडे बघून हसली, खोकत खोकत. माझं लग्न झालं नाही याची आईनं कधी चर्चा केली नाही. धाकटीचं झालं आणि मोडलं, तर आई वर्षभर तिच्या खोलीबाहेर चहाचा कप घेऊन उभी. मोडलेल्या लग्नाचंही कौतुक होऊ शकतं हे मी आमच्याच घरात पाहिलं. आता आम्ही तिघी एकत्र राहतो. धाकटी मला गाडीतून कामावर नेते, परत आणते, वाटेत गाणी गुणगुणते, आणि मी खिडकीतून बाहेर बघत दात आवळून बसते. लोक म्हणतात, बहिणी असाव्यात तर अशा.

तिच्या खुणेची परीक्षा घ्यायची ठरली तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या प्रांतात आली. आजवर तिनं रोपांची पानं हाताळली होती. रोप मरताना बघायचं काम माझं. गोठवण्याच्या परीक्षेची एक रीत असते. आधी रोपांना थंड खोलीत ठेवून थंडीची सवय लावायची, मग फ्रीजरमध्ये घालून हळूहळू पारा उतरवायचा. शून्याच्या किंचित खाली आलं की तिथे काही तास थांबायचं आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी बर्फाचा एक कण टाकायचा. हा कण फार महत्त्वाचा. पाण्याचा स्वभाव मोठा आडमुठा आहे. थोडंसं, स्वच्छ पाणी शून्याखाली बरंच उतरलं तरी गोठायचं विसरून तसंच राहतं, त्याला बर्फ दाखवावा लागतो, मग ते गोठतं. तो दाखवला नाही तर रोप थंडी सोसून जगलं की त्याच्यापर्यंत बर्फ पोचलाच नाही म्हणून जगलं, हे कुणाच्या बापाला कळत नाही. आमच्याकडे हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. जो हे काम करतो त्याच्या हाताला ते माहीत असतं.

मी त्या दुपारी फ्रीजरच्या खोलीत गेले ते माझे हातमोजे आणायला. धाकटी फ्रीजरचं दार उघडून आतली रोपं सारखी करत होती. खुणेची रोपं तिनं कलमांवरून नव्यानं वाढवलेली, बोटाएवढ्या बारीक नळ्यांत होती. बिनखुणेची माझ्या जुन्या मोठ्या कुंड्यांत, ओल्या मातीत. मी बघितलं आणि एका क्षणात मला सगळं दिसलं. मोठ्या कुंडीतली ओली माती आपली आपण गोठणार, तिला कुणी बर्फ दाखवायला नको. नळीतलं चमचाभर पाणी तसंच राहणार. आणि बर्फाची बादली वरच्या फळीवर पालथी, कोरडी, बुडावर धूळ. फ्रीजर शून्याच्या खाली येऊन थांबलेला होता, त्याचा हिरवा दिवा लागला होता, म्हणजे कण टाकायची हीच वेळ. धाकटीचं नाक लाल झालं होतं. तिनं पांढरा कोट चुकीच्या बटणांत अडकवला होता, लहानपणी अडकवायची तसा. "ताई, बरी आलीस," ती म्हणाली, "एकदा बघून घे ना. सगळं ठीक आहे ना?" मी वाकले. नळ्या बघितल्या, कुंड्या बघितल्या, तापमान मोजणाऱ्या सुया मातीत नीट खोचल्या आहेत का ते बघितलं. माझ्या जिभेवर शब्द आला होता. तो साधा शब्द होता, बर्फ, लहान मुलालाही म्हणता येतो. मी हातमोजे उचलले आणि म्हणाले, "दार नीट लाव. रबर सैल झालंय त्याचं." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

नंतर मी माझ्या खोलीत चहा घेत बसले. तो हिरवा दिवा अजून काही तास तसाच राहणार हे मला माहीत होतं. उठून जाऊन सांगता आलं असतं, हसत हसत, अगं वेडे, बर्फ कोण टाकणार म्हणून. मी उठले नाही. चहा नेहमीपेक्षा चांगला लागला. मला वाटलं होतं, मन खाईल, पण कसलं काय. पोटात एक ऊब पसरत गेली, आणि आपण किती वर्षं गारठलेले होतो ते तेव्हा कळलं. तिच्या हातून चूक झाली होती. इतकी ढोबळ चूक, की पहिल्या वर्षाच्या पोरानं केली तर मी त्याला दिवसभर बादल्या घासायला लावलं असतं. संध्याकाळी गाडीत ती गुणगुणत होती, आणि मीसुद्धा तिच्या सुरात सूर मिसळला. ती चकित होऊन बघायला लागली. "आज खुशीत दिसतेस," म्हणाली.

मला वाटलं होतं तसंच झालं. खुणेची रोपं बहुतेक सगळी जगली, त्यांना कोवळे फुटवे आले. मोठ्या कुंड्यांतली मेली. धाकटीनं सभागृहात पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली, एक हिरवं, एक तपकिरी, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवणं सोपं असतं, हातांना विचारावं लागत नाही. पण पुढे जे झालं ते माझ्या हिशेबात नव्हतं. संचालक उभे राहिले आणि म्हणाले, आता हिवाळी वाफ्यांवर एवढी जागा आणि माणसं अडकवून ठेवायचं कारण उरलेलं नाही. हा हंगाम झाला की ते नांगरून टाकू, तिथे डॉक्टरबाईंसाठी नवं काचगृह होईल, आणि खुणेचं बियाणं वरच्या पट्ट्यातल्या गोठेवाल्यांना पेरायला देऊ. त्यांनी हे माझ्याकडे न बघताच म्हटलं. माझ्याच लबाडीनं माझ्याच पायाखालची जमीन ओढून घेतली होती. वाफे म्हणजे मी काय सांगू. तिथल्या प्रत्येक रोपाची आजी-पणजी मला माहीत आहे, कोण कोणत्या हिवाळ्यातून निभावलं ते माहीत आहे. मला दुसरं काही नाही. आई आहे, पण आई धाकटीची आहे.

तेव्हा मी जुन्या इमारतीतल्या लहान फ्रीजरमध्ये स्वतः परीक्षा लावली. कुणाला सांगितलं नाही. धाकटीच्या कलमांमधली उरलेली रोपं घेतली, बिनखुणेचीही घेतली, सगळी एकसारख्या नळ्यांत. वेळ आली तेव्हा चिमट्यानं एकेका बुडाशी बर्फाचा कण ठेवला. मरा, मी म्हणत होते. बोलत होते मी, ओठ हलत होते. इतकी वर्षं प्रत्येक रोप जगावं म्हणून ज्या बोटांनी धडपड केली त्याच बोटांनी मी कण ठेवत होते आणि मरा म्हणत होते. आणि त्याच वेळी दुसरी एक भीती होती, ती अशी की जगली तर? तिची खूण खरीच निघाली तर? बर्फ दाखवूनही ती तगली, तर या पोरीपुढे माझ्याजवळ काय उरलं? रोप मेलं हे लगेच कळत नाही. वितळल्यावर ते हिरवंच दिसतं, वरचा पाला कापून टाकायचा आणि उबेत ठेवून वाट बघायची. त्या दिवसांत मला जेवण जायचं नाही. धाकटी म्हणायची, "ताई, तुझा चेहरा उतरलाय, डॉक्टरकडे जाऊन ये." एका नळीत काहीतरी हिरवं दिसलं म्हणून घाईनं जवळ जाऊन बघितलं तर शेवाळ होतं. मग एका सकाळी दार उघडलं आणि तो वास आला, फार वेळ शिजवलेल्या पालेभाजीचा. बुडखे मऊ पडले होते, नखानं दाबलं की पाणी सुटत होतं. खुणेचे आणि बिनखुणेचे, दोन्ही सारखेच. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि हसले, आणि मग थोडी रडलेही. पण रडू आलं ते आनंदाचं होतं, उगाच खोटं कशाला सांगू.

बियाणं वाटायचं नक्की करायला बैठक बोलावली तेव्हा मी नळ्यांचा ट्रे कापडाखाली झाकून नेला आणि पायाशी ठेवला. मी मनाशी रंगीत तालीम केली होती. शांतपणे उठायचं, कापड काढायचं, आणि कुणाकडे न बघता बोलायचं. टेबलाच्या पलीकडे गोठेवाल्यांचा तो म्हातारा अध्यक्ष बसला होता. त्यानं साधा प्रश्न विचारला. "बाई, मागे एकदा आम्हाला असंच एक बियाणं दिलं होतं आणि सगळं करपलं. यावेळी पक्कं आहे ना? कुणी तपासलंय?" धाकटी हसली. माझ्याकडे हात करून म्हणाली, "ताईनं तपासलंय. परीक्षा लावली तेव्हा ती शेजारी उभी होती, वाकून सगळं बघितलं तिनं. मला गोठवण्यातलं काही कळत नाही, खरं सांगते, मी घाबरले होते. पण ताई बघून गेली ना, मग मी निर्धास्त झाले. काही चुकलं असतं तर तिनं तिथल्या तिथे माझा कान पिळला असता." सगळे माझ्याकडे बघून हसले, म्हातारासुद्धा, आणि त्यानं मान हलवली, त्याचं समाधान झालं होतं. माझे पाय ट्रेला लागत होते. मला वाटलं, बोलू नये. गप्प बसावं, वाफे गेले तर जाऊ देत, कारण आता तोंड उघडलं तर ज्याला कळायचं त्याला कळणारच. पण तो म्हातारा सहीसाठी पेन शोधत खिसे चाचपत होता, आणि त्याच्यामागे न दिसणारे काळे वाफे मला दिसत होते. मी ट्रे उचलून टेबलावर ठेवला. "थांबा," मी म्हणाले. "त्या परीक्षेत बर्फ टाकायचा राहिला होता. मी टाकून पुन्हा केली. ही खुणेचीच रोपं आहेत."

कापड काढल्यावर वास पसरला. संचालकांनी नाकाला रुमाल लावला. मी कण म्हणजे काय ते समजावून सांगितलं, नळ्या आणि कुंड्यांचं सांगितलं. माझा आवाज अगदी स्थिर होता. संचालक रुमाल नाकाशी धरूनच बुडख्यांवर वाकले आणि म्हणाले, "नशीब आमचं. याला म्हणतात अनुभव. बाई, तुम्ही पुन्हा करून बघितलं नसतं तर आमची पार अब्रू गेली असती." बियाणं थांबलं. वाफे राहिले. म्हातारा अध्यक्ष उठून माझ्याजवळ आला आणि दोन्ही हातांत माझा हात धरून उभा राहिला. मला जे जे हवं होतं ते ते त्या टेबलावर माझ्या पुढ्यात आलं होतं. एकट्या धाकटीनं मान वर केली नव्हती. तिनं एक नळी उचलली होती, बुडखा बोटानं दाबून बघत होती, आणि तिच्या कपाळावर एक आठी हळूहळू चढत होती. गणित सुटेपर्यंत ती लहानपणीही अशीच बसायची. मग ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी लेखी देते."

गाडीत ती गुणगुणली नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघतच तिनं विचारलं, "तू पुन्हा परीक्षा का लावलीस? तुला आधीच संशय आला होता?" मी म्हणाले, "आला होता." ती म्हणाली, "त्या दिवशीच ना. हातमोजे घ्यायला आलीस तेव्हा." मी हो म्हणाले. "मी दार लावायच्या आधी?" मी पुन्हा हो म्हणाले. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला, दिवा हिरवा झाला होता. तिनं गाडी पुढे घेतली, वळणावर नीट इशारा दिला, खिडकीची काच फडक्यानं पुसली. तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरत होती. माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं. स्वेटरपासून सुरुवात करता आली असती. पण ती काच पुसत होती आणि मला दिसलं, की ती रडत नाहीये, रागातही नाहीये. तिला फक्त काहीतरी नवीन कळलं होतं आणि ते कुठे ठेवायचं याचा ती विचार करत होती.

आईनं दार उघडलं तेव्हा ती नेहमीप्रमाणे माझ्या खांद्यावरून धाकटीकडेच बघत होती. "काय गं, झालं का पक्कं? सगळे खूश झाले का?" धाकटीनं बूट काढले, ते कपाटात ठेवले, कोट टांगला. मी तिथेच उभी होते, कारण आता जे व्हायचं ते उभ्यानं होऊ दे असं मला वाटलं. ती खुशाल सांगू शकली असती. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं, चवीनं सांगितलं असतं. "नाही झालं, आई," ती म्हणाली. "माझ्या हातून मोठी चूक झाली होती. ताईनं शोधून काढली. ती नसती तर मी कुठे तोंड दाखवायच्या लायकीची राहिले नसते." आई माझ्याकडे वळली. तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं होतं मला आठवत नाही, तोंडभरून, आणखी कुणी मागे उभं नसल्यासारखं. तिनं माझा गार हात घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत चोळायला लागली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली, "तू आहेस म्हणून मला हिची काळजी नाही." धाकटी आमच्या बाजूनं आत गेली आणि स्वयंपाकघरात चहासाठी तीन कप काढल्याचा आवाज आला. आई हात चोळत होती, ऊब माझ्या बोटांत चढत होती, आणि मला त्या पोरीचा हेवा वाटत होता, जन्मात कधी वाटला नव्हता इतका.